कामठी ते कन्हान: व्हीलचेअरने, वॉकरने, काठी टेकत जाता येईल अशी वाट मागायची कशी?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कामठीत राहता, बहीण नदीपलीकडे कन्हानला. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तुमचे यजमान थोडं अंतर वॉकरने चालतात, एरवी व्हीलचेअर लागते. दोन गावांत अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर, पण ऑटो केल्याशिवाय जाणं होत नाही. मोहल्ल्यातले ज्येष्ठ नागरिक मिळून निवेदन देणार आहेत. ‘फुटपाथला रॅम्प करून द्या’ एवढं लिहिलं तर पुरेल का, नदीकाठाने वाट मागावी का, आणि निवेदन द्यायचं कुणाला, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. नागपुरात फुटपाथांची आखणी करणं आणि दिव्यांगांच्या सोयीच्या दृष्टीने ते तपासणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसतं ‘रॅम्प करून द्या’ असं लिहू नका. तेवढंच लिहिलंत तर तेवढंच मिळेल. कुठल्यातरी कोपऱ्यावर सिमेंटचा एक उतार ओतला जाईल, त्याचा फोटो निघेल आणि फाइल बंद होईल. तुम्हाला हवी आहे सलग वाट. धडधाकट माणूस फुटपाथ संपला की रस्त्यावर उतरतो, चार पावलं चालतो, पुन्हा वर चढतो. त्याच्या ते लक्षातही राहत नाही. व्हीलचेअर तिथेच थांबते. चार किलोमीटर रस्ता उत्तम आहे आणि मधले दहा मीटर नाहीत, तर तुमच्या यजमानांसाठी तो सगळा रस्ता नसल्यासारखाच. म्हणून मी कुठलीही वाट तिच्या सर्वात वाईट दहा मीटरवरून मोजतो. पैसाही आधी तिथेच खर्च व्हावा असं माझं ठाम मत आहे. रंगीत फरशा आणि शोभेचे दिवे त्यानंतर.

हे वाईट दहा मीटर सापडतात कुठे? बहुतेक वेळा हद्दीवर. तुमच्याच मार्गाचं पाहा. सुरुवातीला कामठी नगर परिषद. शेजारी कॅन्टोन्मेंट, म्हणजे १८२१ पासूनची लष्करी छावणी, तिची हद्द वेगळी. मधून जातो तो जुना जबलपूर महामार्ग. मग नदी आणि पूल. पलीकडे कन्हान-पिपरी नगर परिषद. रेल्वेची जागा आली की तिसराच कारभार. प्रत्येक जण आपल्या रेषेपर्यंत काम करतो आणि रेषेवर थांबतो. तिथे जाऊन उभं राहिलं की दिसतं: एका बाजूचा फुटपाथ वीतभर उंचीवर अचानक संपलेला, पुढे उघडी नाली, तिच्यावर कुणीतरी आडवी टाकलेली शहाबादी फरशी, आणि त्यापुढे नुसता मुरूम. या तुकड्याचं कंत्राट कुणाच्याच निविदेत नसतं. निवेदनाला हात घालण्याआधी माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा: या मार्गाचा कुठून कुठपर्यंतचा भाग कुणाच्या ताब्यात आहे, आणि देखभाल कुणाची? उत्तरं आली की नकाशावर रंग भरा. दोन रंग जिथे भेटतात तिथे तुमचं काम आहे.

नदीकाठच्या वाटेचा मोह मी समजू शकतो. सकाळी कन्हानच्या काठावर बरं वाटतं. पण मुख्य वाट तिथून मागू नका. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांतून पाणी सोडल्यावर कन्हानने काठच्या गावांचं काय केलं, ते तुम्ही पाहिलं असेलच. असा पूर ओसरला की वाटेवर गाळाचा थर बसतो, आणि तो कुणी काढेपर्यंत व्हीलचेअरवाल्याला घराबाहेर पडता येत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काठावर दुकान नाही, घर नाही, मधेच बाहेर पडून ऑटो धरण्याची सोय नाही. दम लागला, घसरण झाली, चाक पंक्चर झालं, तर हाक ऐकायला कुणी तरी हवं. छावणीतल्या रस्त्यांबद्दलही हेच सांगेन: सैन्याच्या हद्दीतली वाट सुरक्षेच्या कारणाने कधीही बंद होऊ शकते, तिच्यावर सगळी मदार ठेवता येत नाही. वस्ती आणि बाजार यांना धरून जाणारी रस्त्याकडेची वाटच मुख्य ठेवा.

पुलावर मात्र जोर लावा. तुमच्या मार्गावर दुसरा पर्याय नसलेली हीच एक जागा आहे. इंग्रजांच्या काळातला जुना दगडी पूल आणि शेजारचा नवा पूल, अशी जोडी तुमच्याकडे आहे. जुन्या पुलाची मजबुती रीतसर तपासून तो चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखता आला तर त्याहून चांगलं काही नाही. ही मागणी वेगळ्या परिच्छेदात, ‘संरचनात्मक तपासणी करून’ या शब्दांसह लिहा, म्हणजे ‘पूल जुना आहे’ एवढं म्हणून ती उडवता येणार नाही. नव्या पुलावरून जायचं ठरलं तर वाहनांपासून भक्कम कठड्याने वेगळा केलेला, निदान दीड मीटर मोकळा पदपथ हवा. १.८ मीटर मिळाला तर दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतात. पुलाच्या स्लॅबमधल्या सांध्यांकडे बारीक लक्ष द्या. उन्हाळ्यात पूल प्रसरण पावतो, थंडीत आकसतो, म्हणून तिथे फट ठेवावीच लागते. पण पदपथावर त्या फटीवर खरबरीत पोलादी पट्टी बसवायची असते. पट्टी नसेल किंवा तिचा एक कोपरा वर आला असेल तर पुढचं छोटं चाक नेमकं तिथे अडकतं आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. पुलाची सुरुवात आणि शेवटही पाहा. पुलाचा भराव खचतो, स्लॅब खचत नाही, त्यामुळे दोन्हींच्या मधे हमखास पायरी तयार होते.

आता जमीन. हा भाग निवेदनात सगळ्यात कमी लिहिला जातो आणि वाट बिघडते ती इथेच. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या मातीवर पातळ मुरूम पसरून, वर रेती टाकून गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवले तर दोन पावसाळ्यांत ते वरखाली होतात. चालणाऱ्याला नुसता खडबडीतपणा जाणवतो. व्हीलचेअरवरचा माणूस प्रत्येक सांध्याला हादरतो, आणि अर्धांगवायू झालेल्याच्या अंगात त्या हादऱ्यांनी ताठरपणा वाढतो, पाय पायटीवरून, म्हणजे खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवरून, निसटतो. म्हणून काळी माती पुरेशी खोल काढून मुरूम आणि खडीचे थर दाबून भरावेत, वर सलग काँक्रीट असावं, त्याच्यावर ओलं असतानाच झाडू फिरवून खरबरीतपणा आणावा आणि सांधे यंत्राने बारीक कापावेत. गट्टू दिसायला छान दिसतात आणि पाइपलाइनसाठी उकरून परत बसवता येतात, म्हणून कार्यालयांना ते आवडतात. पण परत बसवताना खालचा थर कुणी दाबत नाही. काँक्रीट मागा, फक्त झाडांच्या बुंध्यांभोवती मोकळी माती सोडायला सांगा, निदान मीटरभर चौरस. बुंध्याला सिमेंट भिडवलं की आधी झाड जातं, मग सावली जाते.

बाजूचा उतार, म्हणजे पाणी वाहून जावं म्हणून नालीकडे दिलेला तिरकेपणा, ५० ला १ (५० सेंटिमीटर रुंदीला १ सेंटिमीटर) पेक्षा जास्त नको. जास्त असला की खुर्ची सतत नालीकडे ओढली जाते आणि ढकलणाऱ्याचं एक मनगट भरून येतं. घरांच्या फाटकांसमोर गाडी चढावी म्हणून लोक फुटपाथच तिरका करून घेतात. चढण्याचा उतार कडेच्या पट्टीत संपला पाहिजे, चालण्याची पट्टी सपाट राहिली पाहिजे. नालीच्या जाळीची फट १२-१३ मिलिमीटरपेक्षा रुंद नको आणि ती चालण्याच्या दिशेला आडवी हवी. उभी बसवली तर चाकही जातं आणि काठीचं टोकही.

कन्हान भागाची खास अडचण म्हणजे रेती आणि कोळसा. या रस्त्याने दोन्हींची वाहतूक चालते, ट्रकमधून सांडत जाते आणि कडेला साचते. बोटभर सैल रेतीत व्हीलचेअरचं पुढचं चाक रुततं. बांधकाम कितीही चांगलं झालं तरी झाडलोट नसेल तर वाट बंद. म्हणून ‘नियमित यांत्रिक सफाई’ हे शब्द निवेदनात हवेतच.

उताराचं गणित सोपं आहे: १२ ला १. फुटपाथ १५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार १.८ मीटर लांब लागतो. बहुतेक ठिकाणी मला तो हातभर लांबीत संपवलेला दिसतो. असा उतार चढताना खुर्ची मागे उलटते, आणि उतरताना पायटी जमिनीला ठोकते. खालच्या टोकाला रस्त्याशी तो अगदी सपाट मिळाला पाहिजे. बोटभर उंचवटाही नको. शक्य असेल तिथे फुटपाथच कमी उंचीचा करा, सगळंच सोपं होतं. सिमेंट रस्ते झाल्यावर काही ठिकाणी रस्ताच वर आला आणि फुटपाथ खाली गेला. तिथे पावसात पाणी साचतं आणि खालचा खड्डा दिसत नाही, म्हणून पातळ्या आधी मोजून घ्यायला सांगा.

रस्त्याकडेच्या फुटपाथच्या रुंदीबद्दल इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची आयआरसी १०३ ही मार्गदर्शिका किमान १.८ मीटर सांगते, आणि तीही मोकळी. विजेचा खांब, डीपी (विजेची पेटी), जाहिरातीचा फलक, पानठेला, चहाची टपरी यांना सोडून उरते ती. यावरून ठेलेवाल्यांशी भांडण मांडू नका, ही माझी मनापासून विनंती आहे. संध्याकाळी त्यांच्या दिव्यांमुळेच वाट चालण्यालायक राहते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही हक्क दिला आहे. त्यांच्यासाठी कडेला वेगळी पट्टी आखा आणि चालण्याची पट्टी मोकळी ठेवा, असंच लिहा.

फुटपाथवर दुचाकी चढतात म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवायची मागणी नेहमी येते. इथे सावध राहा. साध्या व्हीलचेअरची रुंदी ६५-७० सेंटिमीटर असते, स्कूटरचं हँडलही साधारण तेवढंच. स्कूटर अडवेल आणि खुर्चीला जाऊ देईल अशी फट नसते. खांब जवळ घेतले की पहिला अडकतो तो दिव्यांग माणूस. फट ९० सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू देऊ नका. दुचाकी थांबवायची तर वाट रस्त्यापासून वेगळी करणारा सलग कठडा आणि पोलिसांचा दंड, हाच मार्ग.

तुमच्या प्रश्नात दृष्टिहीनांचा उल्लेख नाही, पण वाट एकदाच होते, म्हणून त्यांचंही लिहून घ्या. पिवळ्या उठावदार फरशांचा अर्थ ठरलेला आहे: लांब रेघा म्हणजे ‘सरळ चला’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काही आहे’. ठिपक्यांच्या फरशा शोभेसाठी सलग लावलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि रेघांची पट्टी थेट झाडाच्या बुंध्यात गेलेलीही. अशा पट्टीपेक्षा पट्टी नसलेली बरी. एका दृष्टिहीन तरुणासोबत चालताना घडलेलं सांगतो. त्याची काठी जमिनीवर बरोबर फिरत होती, समोर काही लागत नव्हतं, आणि दुकानाच्या छपराचा पत्रा त्याच्या कपाळाला लागला. काठीला कमरेवरचं काही कळत नाही. म्हणून डोक्यावर २.२ मीटर मोकळी जागा हवी. खांबांचे तिरके ताण, पत्रे, खाली आलेल्या फांद्या हे सगळं त्यात आलं.

ऊन हा नागपूर जिल्ह्यात वेगळाच विषय आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पुण्या-मुंबईच्या आराखड्यांवरून उचललेली स्टीलची चकचकीत रेलिंग दुपारी हाताला चटका देते. ज्यांचा सगळा आधार रेलिंगवर, त्यांनी धरायचं काय? धरायच्या दांड्यावर प्लास्टिकचं जाड आवरण हवं किंवा तो सावलीत तरी हवा. मणक्याला इजा झालेल्यांना इजेखालच्या भागात घाम नीट येत नाही, शरीर तापत जातं. पायाला चटका बसला तरी कळत नाही. त्यांच्यासाठी सावली हा औषधाचाच भाग आहे. कडुनिंब, करंज, वड आपल्याकडे टिकतात. नवी झाडं मोठी होईपर्यंत छपराचे थांबे लागतील. बसायची जागा १०० मीटरपेक्षा जास्त लांब नको. बाक ४५ ते ५० सेंटिमीटर उंच, पाठ आणि हात असलेला. हात नसलेल्या बाकावरून तुमच्या यजमानांना उठता येणार नाही. बाकाशेजारी खुर्ची उभी करायला मोकळी फरशी हवी, म्हणजे तुम्ही दोघं शेजारी बसू शकाल. पाणपोईचा नळ बसून हाताला येईल असा हवा.

रस्ता ओलांडणं हे तुमच्या मार्गावर सगळ्यात धोक्याचं आहे. सिग्नलचा वेळ साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस धरून काढतात. २४ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने २० सेकंद होतात. वॉकरवाला माणूस सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर जातो, त्याला साधारण दुप्पट वेळ हवा. जास्त वेळ मागा, आणि मधल्या दुभाजकात रस्त्याच्या पातळीला कापलेली, खुर्ची आणि ढकलणारा दोघेही मावतील अशी ओलांडण्याच्या दिशेने निदान दीड-दोन मीटर लांब जागा मागा. पादचारी पूल स्वीकारू नका. लिफ्टसह दिला तरी नको, कारण बंद लिफ्टचा पूल म्हणजे भिंतच. वाटेत रेल्वे फाटक आलं तर रूळ काटकोनात ओलांडायला लावणारी आखणी हवी. रुळाशेजारची खाच पाच-सहा सेंटिमीटरची असते, तिरकं गेलं की छोटं चाक तिच्यात उतरतं.

कुणाकडे जायचं? दोन्ही नगर परिषदा, महामार्गाची यंत्रणा आणि जिल्हाधिकारी, सगळ्यांना एकाच मजकुराचं निवेदन द्या आणि जिल्हाधिकाऱ्यांना संयुक्त पाहणीची तारीख मागा. हद्दीचे दहा मीटर संयुक्त पाहणीशिवाय सुटत नाहीत. कायद्याचा आधार भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, रस्त्यांचा उल्लेख आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असू शकत नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं सांगितलं. १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने फुटपाथचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात येतो आणि तो दिव्यांगांना वापरता येण्याजोगा असला पाहिजे, असंही म्हटलं. निवेदनात या दोन तारखा लिहा, भाषणं नकोत. पैशासाठी स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखायचा ५ टक्के निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे. मात्र ५ टक्क्यांतून अख्खी वाट मागू नका. तो निधी दिव्यांगांच्या इतर गरजांनाही लागतो. रस्त्याच्या कामातच फुटपाथचा खर्च धरायला लावा.

आणि वेळ आत्ताची आहे. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात शहरातल्या ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हान नदीपर्यंतचा मार्ग आहे. अशी कामं झाली की खालचा रस्ता, नाल्या, फुटपाथ पूर्ववत करून द्यावे लागतात. ‘पूर्ववत’ म्हणजे जसं होतं तसंच वाईट, असा अर्थ होऊ द्यायचा नसेल तर त्या आराखड्यात तुमची मापं आधीच गेली पाहिजेत. स्टेशनात लिफ्ट असणारच. पण घरापासून लिफ्टच्या दारापर्यंत खुर्ची जाईल का, हे स्टेशनच्या नकाशात दिसत नाही. नवरात्रात नागपूरहून कोराडीच्या देवीला हजारो लोक पायी जातात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आलेले अनेक जण कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिरालाही येतात. ‘या भागात चालतं कोण?’ असं कुणी विचारलं तर ही उत्तरं तयार ठेवा.

निवेदनाआधी एक पाहणी स्वतः करा. एकदा सकाळी आणि एकदा अंधार पडल्यावर, जमलं तर पावसानंतर. यजमानांना त्रास होणार नाही एवढ्याच टप्प्यात त्यांना सोबत न्या. एक दृष्टिहीन व्यक्ती आणि बाबागाडी घेतलेली एखादी आईही असू द्या. मोजपट्टी, खडू आणि मोबाईल पुरे. मोबाईलमधल्या पाणसळीने उतार मोजता येतो. अडलेल्या प्रत्येक जागी मोजपट्टी लावून फोटो काढा, जवळच्या दुकानाची किंवा खांबाच्या क्रमांकाची खूण लिहा आणि तो तुकडा कुणाच्या ताब्यात आहे ते शेजारी नोंदवा. मग या जागांचा क्रम लावा: जिथे खुर्ची पूर्ण थांबते त्या आधी, जिथे त्रास होतो त्या नंतर. पहिल्या टप्प्यात फक्त पूर्ण थांबणाऱ्या जागा मागा. यादी तयार झाली की मला दाखवा, मापं मी तपासून देतो.